रानातल्या मातीचे नाव काय?

भूगोलाच्या पुस्तकात भारतातल्या मृदांचा एक तक्ता हमखास असतो. गाळाची, काळी, तांबडी, जांभी, वाळवंटी, क्षारयुक्त, दलदलीची आणि पर्वतीय किंवा वनमृदा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वर्गीकरणावरून आलेले हे आठ प्रकार मुले पाठ करतात, नकाशात रंगवतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात.

या तक्त्याकडे एकदा सावकाश पाहा. काळी आणि तांबडी ही नावे मातीच्या रंगावरून आली. गाळाची हे नाव माती कशी आली त्यावरून, क्षारयुक्त हे तिच्यात काय आहे त्यावरून. वनमृदा हे नाव मात्र मातीत काय आहे यावरून आलेलेच नाही. ते तिच्यावर काय उभे आहे यावरून आले आहे. माणसाला त्याच्या डोक्यावरच्या टोपीवरून हाक मारावी तसा हा प्रकार. वर्गात एखादी चौकस मुलगी असली, तर ती विचारतेच, "सर, जंगल तोडलं तर मग त्या मातीला काय म्हणायचं?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण मृदाशास्त्रातल्या वर्गीकरणाच्या गाभ्यालाच तो हात घालतो. त्याचे उत्तर शोधायला आपण आपल्या घरच्या डोंगरात, सह्याद्रीत जाऊ. पाठ्यपुस्तकातले वनमृदेचे वर्णन बहुतेक वेळा हिमालय डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. देवदार आणि फर वृक्षांखालची, थंडीत पाने सावकाश कुजणारी, आम्लधर्मी, तपकिरी माती. सह्याद्रीत थंडी बेताची, पाऊस बेफाम आणि खडक वेगळा. त्यामुळे ते वर्णन इथे लागू पडत नाही, आणि सह्याद्रीचा माथा जांभी मृदेच्या रंगाने रंगवायचा की वनमृदेच्या, असा पेच पडतो.

माती पाहायची तर वरून पाहून उपयोग नाही, तिचा उभा छेद पाहायला हवा. खड्डा खणण्याचीही गरज नाही. वरंध, ताम्हिणी, आंबेनळी, कुंभार्ली अशा कोणत्याही घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो. पावसाळा सरल्यावर, दरडी कोसळण्याची भीती नसताना, जिथे वर रान शाबूत आहे अशी एखादी ठेंगणी दरड निवडावी आणि खुरप्याने तिचा दर्शनी भाग हातभर रुंद तासून घ्यावा. आत ताजा छेद दिसतो.

सगळ्यात वर पालापाचोळा. तो एकजिनसी नसतो. वरची पाने यंदाची, अजून ओळखू येणारी: ही जांभळाची, ही अंजनीची, ही हिरड्याची. त्याखाली गेल्या वर्षीची, नुसत्या शिरांची जाळी उरलेली. त्याखाली कोणत्या झाडाचे पान ते सांगता येणार नाही असा काळपट भुगा. दोन-तीन वर्षांचा इतिहास तीन बोटांच्या जाडीत रचलेला असतो.

या भुग्याखाली खरी माती सुरू होते. ती गडद, हाताला मऊ आणि रवाळ असते. मूठभर घेऊन दाबली आणि मूठ उघडली की डाळीच्या कण्यांसारखे दाणे सुटे होतात. तिला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. हा वास ॲक्टिनोमायसिटीस गटातल्या जीवाणूंनी तयार केलेल्या एका द्रव्याचा असतो. बारीक मुळे, बुरशीचे पांढरे धागे आणि गांडुळांची बिळे याच थरात सर्वांत दाट. हा थर कधी चार बोटे असतो, तर कधी वीतभर. त्याची जाडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खाली रंग बदलतो. तांबूस किंवा विटकरी, जास्त चिकट, कमी रवाळ माती. हिचे ढेकूळ फोडून भिंगातून पाहिले तर काही पृष्ठांवर मेणासारखी चकाकी दिसते. वरच्या थरातली सूक्ष्म चिकणमाती पाण्याबरोबर खाली उतरली आणि इथल्या फटींच्या भिंतींवर तिची लिंपण बसली, त्याची ही खूण आहे. आणखी खाली मुरूम आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे. धोंड्याचा गाभा अजून काळा, कठीण बेसाल्ट असतो, तर पापुद्रे बोटाने चुरडतात. त्याच्याही खाली अखंड कातळ.

या थरांना मृदाशास्त्रज्ञ वरून खाली 'ओ', 'ए', 'बी', 'सी' अशी अक्षरे देतात. रशियाचा वासिली दोकुचाएव याने १८८३ मध्ये तिथल्या काळ्या मातीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. माती म्हणजे खडकाचा नुसता चुरा नव्हे, तर हवामान, जीवसृष्टी, खडक, उतार आणि काळ यांनी मिळून घडवलेली ती एक स्वतंत्र वस्तू आहे, हा विचार त्याने रुजवला. पुढे १९४१ मध्ये हान्स जेनी याने हे पाच घटक सूत्राच्या रूपात मांडले. दरडीत दिसणारे थर हे त्या पाच घटकांचे एकत्रित हस्ताक्षर आहे.

आता सह्याद्रीत हे पाच घटक काय करतात ते पाहू. खडक दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वजनाने त्याचा सुमारे निम्मा भाग सिलिका. चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइडचे, प्रमाण साधारण दहा टक्के. शिवाय भरपूर लोह, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम. पाऊस महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. स्वच्छ पावसाचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्याचा सामू सुमारे ५.६ असतो. जमिनीत शिरल्यावर ते आणखी आम्ल होते, कारण मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसन करत असल्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असू शकतो. रान जितके दाट, तितके हे चुरचुरीत पाणी खडकाला जास्त झोंबते.

हे पाणी खडकातून आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेते. मग सावकाश सिलिकाही. लोह आणि ॲल्युमिनियम सहजी विरघळत नाहीत, म्हणून ते मागे उरतात. लोह गंजते आणि मातीला तांबडा रंग देते. या प्रवासात चिकणमातीची खनिजेही बदलत जातात. सुरुवातीला स्मेक्टाइट बनते. पाणी प्यायले की फुगणारे, वाळले की आक्रसणारे हे खनिज आपल्या काळ्या शेतजमिनीत भरपूर असते. धुपणे चालूच राहिले तर स्मेक्टाइटचे केओलिनाइट होते. ते फुगत नाही आणि अन्नद्रव्येही फारशी धरून ठेवत नाही. त्याही पुढे गेले की उरतात लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे, म्हणजे जांभा आणि बॉक्साइट.

जांभ्याला इंग्रजीतून आलेले 'लॅटेराइट' हे नाव आपल्याच किनाऱ्यावर जन्मले. फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगाडिपुरमला लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून हे नाव दिले. कोकणातल्या वाचकांना त्याचे नवल वाटणार नाही. त्यांच्या घराचे चिरे त्याच दगडाचे.

महाबळेश्वरचे पठार, पाचगणीचे टेबललँड, कोल्हापूर जिल्ह्यातली बॉक्साइटची पठारे ही या प्रवासाच्या शेवटच्या मुक्कामाची ठिकाणे. तिथल्या माथ्यावरचा जांभा फार प्राचीन मानला जातो. इथवर सगळे पुस्तकाप्रमाणे चालले आहे. पाऊस जास्त, उष्णता आहे, काळ भरपूर मिळालेला, म्हणून जांभा. मग जांभ्याच्या टोपीखालच्या उतारांवर, त्याच पावसात, रानाखालची माती कशी असायला हवी? तीही धुपून निःसत्त्व झालेली, आम्लधर्मी, केओलिनाइटी. निदान तशी अपेक्षा होती.

नागपूरला १९७६ मध्ये स्थापन झालेली एक राष्ट्रीय संस्था देशभरच्या मृदांचे सर्वेक्षण आणि भूमी-उपयोगाचे नियोजन हेच काम करते. तिथल्या तपस भट्टाचार्य, डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात आणि त्यानंतर पश्चिम घाटातल्या मातीचे छेद तपासले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. तांबड्या मातीतही कॅल्शियम-मॅग्नेशियम टिकून होते. तिच्या शेजारीच, खोलगट जागी, घाटमाथ्याच्या धो-धो पावसात, काळी फुगणारी माती होती. आणि काही ठिकाणी रानाखाली अशी माती मिळाली की जिचे वर्णन युक्रेनच्या आणि अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या प्रसिद्ध काळ्या मातीच्या गणात बसावे! ही माती सह्याद्रीप्रमाणेच सातपुड्यातही आढळली.

इतक्या पावसात चुना टिकला कसा? उत्तर बेसाल्टमध्येच होते, आणि ते आपल्यापैकी अनेकांनी हातात घेतलेले असते. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पुढे त्यांतून गरम पाणी खेळते आणि पोकळीच्या आतल्या बाजूला पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक जमतात. घाटात फिरायला गेलेली मुले खिसे भरून आणतात ते हेच. यांतले बरेच झिओलाइट गटातले असतात: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट वगैरे. सिलिका आणि ॲल्युमिनाची पिंजऱ्यासारखी रचना, पिंजऱ्याच्या पोकळ्यांत पाणी आणि कॅल्शियम, सोडियम यांचे आयन. तापवले की हे पाणी उकळल्यासारखे बाहेर येते, म्हणून १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेटने ग्रीक भाषेतल्या 'उकळणे' आणि 'दगड' या शब्दांवरून हे नाव बनवले. पिंजऱ्यातले आयन बदलून घेता येतात, आणि मातीच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. पाऊस मातीतले कॅल्शियम धुऊन नेतो, झिओलाइट आपल्याजवळचे थोडे सोडतो. पावसाने रोज खर्च करायचा आणि झिओलाइटने गल्ल्यात टाकत राहायचे, असा हा व्यवहार. कॅल्शियमचा हा पुरवठा चालू असेतो स्मेक्टाइट पूर्णपणे मोडत नाही आणि माती शेवटच्या मुक्कामाला पोहोचत नाही. साठा संपला की मात्र तिचा पुढचा प्रवास सुरू होईल.

दक्षिणेकडे केरळात घाट तोच, पाऊसही तसाच, पण खडक नाइससारखा स्फटिकी आणि त्यात झिओलाइटांचे गल्ले नाहीत. तिथे आम्लधर्मी, फार धुपलेली मातीच मोठ्या क्षेत्रावर आहे. दोन्हीकडे रान, दोन्हीकडे पर्वत. पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात मात्र दोन्ही 'वनमृदा'च.

आता वर्गीकरणाकडे वळू. त्याआधी एक कल्पना स्पष्ट करून घ्यायला हवी, ती वर्गात बाकांच्या उदाहरणाने चांगली समजते. चिकणमातीच्या आणि ह्यूमसच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते धन आयनांना धरून ठेवतात. असा प्रत्येक कण म्हणजे एक बाक. बाकावर एकूण जागा किती, ती त्या मातीची आयन-विनिमय क्षमता. ह्यूमसच्या बाकावर जागा भरपूर, स्मेक्टाइटच्या बाकावर त्याहून कमी पण पुष्कळ, केओलिनाइटच्या बाकावर अगदी मोजक्या. आता या जागांवर बसले कोण आहे? कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम हे झाडांच्या कामाचे किंवा निदान आम्लता न वाढवणारे. हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम बसले की माती आम्ल होते. एकूण जागांपैकी पहिल्या चौघांनी किती टक्के अडवल्या, ते प्रमाण म्हणजे विम्ल-संपृक्तता. सगळे वर्गीकरण या एका आकड्यावर उभे नाही, पण आपल्या डोंगरातल्या मातीचा निकाल बऱ्याच अंशी तोच लावतो.

भारतातले मृदा-सर्वेक्षण आज ज्या पद्धतीने चालते, ती अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७५ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध केली. तेव्हा तिच्यात दहा गण होते. १९९० मध्ये ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीचा अकरावा आणि १९९८ मध्ये कायम गोठलेल्या मातीचा बारावा गण त्यात आला. या पद्धतीचा विशेष असा की मातीवर काय उगवते ते ती विचारत नाही. छेदात काय दिसते आणि प्रयोगशाळेत काय मोजता येते तेवढेच विचारते. तेही एका ठरलेल्या क्रमाने. पहिल्या प्रश्नाला 'हो' आले तर तिथेच थांबायचे, 'नाही' आले तर पुढच्या प्रश्नाकडे जायचे. धान्य चाळण्यांच्या उतरंडीतून सोडावे तशी माती बारा चाळण्यांतून जाते.

सह्याद्रीची माती घेऊन ही उतरंड उतरू. गोठलेली आहे का? नाही. दलदलीतली सेंद्रिय माती? नाही. असे करत आपल्या कामाचे प्रश्न येतात. चिकणमातीच्या बाकांवर जागाच उरलेल्या नाहीत इतकी झिजली आहे का? तर ऑक्सिसोल. बरीच चिकणमाती असून ती फुगते, भेगाळते आणि आतल्या ढेकळांवर घसरल्याच्या गुळगुळीत खुणा आहेत का? तर व्हर्टिसोल, आपली अस्सल काळी माती. चिकणमाती खालच्या थरात उतरून साठली आहे पण विम्ल-संपृक्तता ३५ टक्क्यांपेक्षा कमी आहे का? तर अल्टिसोल, 'शेवटची' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. वरचा थर गडद, मऊ, पुरेसा जाड, सेंद्रिय कर्ब निदान ०.६ टक्के आणि संपृक्तता ५० टक्के किंवा जास्त? तर मॉलिसोल, 'मऊ' या शब्दावरून. चिकणमाती खाली साठली आहे आणि संपृक्तता ३५ टक्क्यांच्या वर आहे? तर अल्फिसोल. थर नुकते कुठे वेगळे होऊ लागले आहेत? इन्सेप्टिसोल, म्हणजे सुरुवात. आणि कातळावर जेमतेम मातीचे पांघरूण, थर पडलेलेच नाहीत? एंटिसोल.

(ऑक्सिसोल, अल्टिसोल ही नावे कोणाला रुचणार नाहीत, मलाही रुचत नाहीत. पण ती पाठ करायची नाहीत. ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत, तेवढे कळले की पुरे.)

समजा, एकाच डोंगराच्या उतारावर, एकाच रानात, आपण चार ठिकाणी छेद पाहिला. कड्याच्या धारेवर, जिथे पाणी वाहून जाते, तिथे वीतभर माती आणि खाली कातळ: एंटिसोल. मधल्या सौम्य उतारावर खोल तांबडी माती, चकाकत्या लिंपणीची: अल्फिसोल. पाणी साचणाऱ्या खोलगटात वरून वाहून आलेले स्मेक्टाइट साठून काळी माती: इन्सेप्टिसोल किंवा व्हर्टिसोल. आणि जिथे दाट रान आहे, उतार बेताचा आहे, झिओलाइट आहे, पालापाचोळा पिढ्यानपिढ्या जागीच कुजतो आहे, तिथे वीतभर गडद मऊ थर: मॉलिसोल. अर्ध्या तासाच्या चालीत चार गण, आणि तक्त्यात एकच नाव.

गणाच्या खाली आणखी पाच पायऱ्या आहेत. तांबड्या मातीच्या एका नावाचे उदाहरण घेऊ: हॅप्लुस्टाल्फ. नाव शेवटून वाचायचे. 'अल्फ' म्हणजे अल्फिसोल. 'उस्ट' म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडी पडणारी. 'हॅप्ल' म्हणजे साधी, विशेष गुंतागुंत नसलेली. यातले 'उस्ट' वाचून माणूस चमकतो. जिथे पाऊस मिलिमीटरऐवजी मीटरमध्ये सांगावा, तिथली माती कोरडी? पण आठ महिने आभाळ कोरडे असते हे डोंगरातल्या बायकांना सांगावे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याच गावात टँकर येतो. मातीच्या दृष्टीने पाऊस किती पडला यापेक्षा ओल किती दिवस टिकली हे महत्त्वाचे, आणि ते मातीच्या नावातच लिहिलेले आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. जंगल तोडले तर काय?

झाडे मातीला पावसापासून वाचवतात असे आपण शिकवतो. ते अर्धेच खरे आहे. पानांवर साचलेले पाणी एकत्र येऊन मोठे थेंब होतात, आणि असा थेंब आठ-दहा मीटर उंचीवरून पडला की खाली येईतो जवळजवळ पूर्ण वेग गाठतो, सेकंदाला आठ-नऊ मीटर. उंच झाडाखालची उघडी जमीन मोकळ्या माळाइतकीच, कधी त्याहूनही जास्त, झोडपली जाते. सागाच्या लागवडीत पाने झाडून किंवा जाळून टाकलेल्या ठिकाणी मुळे उघडी पडलेली दिसतात, ती यामुळेच. मातीला खरे वाचवतो तो जमिनीवरचा पालापाचोळा आणि कमरेखालची झुडपे. थेंबाचा मार पालापाचोळा खातो आणि पाणी हळूच खाली सोडतो. तो काढला की थेंबाने उडालेले सूक्ष्म कण मातीची छिद्रे बुजवतात, पृष्ठावर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचे थांबून वाहू लागते आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात मौल्यवान थर आधी जातो.

इथे मावळातल्या आणि कोकणातल्या शेतकऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. भाताच्या रोपासाठी तो राब भाजतो, त्यासाठी रानातून फांद्या आणि पाचोळा आणतो. पण राबाने तण मरते, रोप जोमदार येते, हा त्याचा अनुभव खोटा नाही. रानाच्या मातीतून थोडे घेऊन खाचराच्या मातीला देणे असा तो व्यवहार आहे. किती घेतले की देणारी माती खचते, हा प्रश्न खरा, आणि त्याचे उत्तर गावोगाव वेगळे.

पाचोळा गेल्यावर दुसरीही गोष्ट घडते. ऊन थेट जमिनीवर पडते, माती तापते, सूक्ष्मजीव ह्यूमस झपाट्याने संपवतात आणि नवा पुरवठा मात्र थांबलेला असतो. शिवाय झाडाची खोल मुळे मुरमातले कॅल्शियम वर आणून पानांवाटे पृष्ठावर टाकत होती, तो रहाटही थांबतो. वीतभर गडद थर बनायला शेकडो वर्षे लागतात. उतारावर उघडा पडला तर तो जायला थोडेच पावसाळे पुरतात.

मग नावाचे काय होते? या पद्धतीच्या कर्त्यांना नांगराची कल्पना होती. म्हणून वरच्या थराचा गडदपणा ठरवताना वरची १८ सेंटिमीटर माती एकत्र मिसळून मग पाहावी, असा नियम त्यांनी घातला. हेतू असा की एकदा नांगर फिरला म्हणून मातीचे नाव बदलू नये. पण थरच वाहून गेला तर नियम काय करणार? मॉलिसोल होण्यासाठी गडद थर परिस्थितीनुसार साधारण १८ ते २५ सेंटिमीटर लागतो. तो धुपून दहावर आला की पुढच्या सर्वेक्षणात त्याच जागेची नोंद अल्फिसोल किंवा इन्सेप्टिसोल अशी होते. रान गेले म्हणून नाव बदलले नाही. रानाने घडवलेला थर गेला म्हणून ते बदलले.

आणि इथे चारही छेदांचे नशीब सारखे नसते. खोल तांबड्या अल्फिसोलवरचा गडद थर गेला तरी खाली कॅल्शियम धरून ठेवणारी माती असते. पाचोळा परत पडू दिला तर रान पुन्हा उभे राहायला तिथे आधार आहे. कड्याच्या धारेवरच्या एंटिसोलवरून वीतभर माती गेली की खाली कातळच. तिथे वृक्षारोपणाचे कितीही खड्डे घेतले तरी रोप कशात रुजणार? केरळातल्या अल्टिसोलमध्ये अन्नद्रव्यांचा मोठा भाग मातीत नसून झाडांत आणि पाचोळ्यात असतो, म्हणून तिथे झाडे उचलून नेली की अन्नसाठाच उचलला जातो. 'वनमृदा' या एका नावात हा फरक बुजून जातो. जंगल तोडायचे की नाही, कुठे रोपे लावायची आणि कुठे नुसते कुंपण घालून रानाला त्याचे काम करू द्यायचे, हे ठरवणाऱ्याला तो फरक ठाऊक असावा लागतो.

हे वर्गात नेण्यासाठी दोन प्रयोग सुचवतो. त्यासाठी देवराईत किंवा अभयारण्यात खणू नका. गावाला विचारून देवराईच्या कडेची आणि लगतच्या उघड्या उताराची ओंजळभर माती पुरते. दोन्ही नमुने सारख्या खोलीवरून घ्या आणि सावलीत वाळवा.

पहिला प्रयोग ढेकळांचा. दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरा, तोंडाशी जाळीचा तुकडा असा बसवा की तो पाण्यात जेमतेम बुडेल. दोन्ही मातींची सुपारीएवढी कोरडी ढेकळे एकाच वेळी जाळीवर ठेवा आणि घड्याळ लावा. एक ढेकूळ काही मिनिटांतच विरघळल्यासारखे गळून पडेल आणि पाणी गढूळ होईल. दुसरे तास-दीड तासही आपला आकार धरून राहील. कोणते कोणत्या जागेचे, ते मुलांना आधी ओळखायला सांगा आणि मगच चिठ्ठी उघडा.

दुसरा प्रयोग बाकांवरच्या जागांचा. बुडाशी कापूस लावलेल्या दोन नरसाळ्यांत दोन्ही माती समान वजनाने भरा. शाळेच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू असते. त्याचा रंग धन आयनाचा असतो. त्याचे अगदी पातळ निळे द्रावण दोन्हींवर सारख्या मापाने हळूहळू ओता आणि खाली गळणारे पाणी परीक्षानळ्यांत धरा. निळा रंग मातीने अडवला तर पाणी स्वच्छ येते. द्रावण ओतत राहा आणि कोणत्या मातीतून किती माप ओतल्यावर निळी झाक खाली येऊ लागते ते नोंदवा. पाण्याला पाचोळ्याचा चहासारखा तपकिरी रंग येऊ शकतो, तो निळ्याशी गफलत करू नका. मग तोच प्रयोग ताज्या मातीवर इओसिनच्या लाल द्रावणाने करा. इओसिनचा रंग ऋण आयनाचा. तो बहुतेक तसाच खाली उतरलेला दिसेल, आणि असे का, हे मुलांना बाकाच्या उदाहरणावरून सांगता येते का ते पाहा.

निळ्या रंगाची मापे देवराईच्या आणि उघड्या उताराच्या मातीसाठी शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. शक्य असेल तर पुढच्या वर्षी त्याच दोन जागांवरून पुन्हा माती आणा.